नायिकेच्या जागी

प्रिय चिमणे,

पोचल्याचा निरोप मिळाला. गुडघ्याला पट्टा बांधतेस ना? थापा मारू नकोस. सिनेमातल्या नायिकांचे कपडे मीच शिवतो आणि त्यांच्या जागी उड्या मारणाऱ्या तुझे, आत गादी घातलेलेही मीच. कुठे किती आपटलीस ते उसवलेली शिवणच मला सांगते.

काल तुझा नवा सिनेमा पाहिला. त्या इन्स्पेक्टरबाईंनी पेटत्या गोदामातून उडी मारली आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट! शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय धाडसी पोरगी आहे!" मी पटकन म्हणून गेलो, "माझी आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की विचारू नकोस. पुढे कोर्टात नायिका तोफेसारखी बोलली, तेव्हा मात्र मी गप्प बसलो. ते बोलणं तुझं नव्हतं.

शाळेत 'हजर' म्हणताना तू 'ह'वरच अडकायचीस आणि पोरं हसायच्या आत खिडकीतून पसार व्हायचीस. तळमजल्यावरचा वर्ग होता, म्हणून निभावलं. तुझी आई म्हणायची, "हिचं बोलणं पायांत उतरलंय."

परवा दिग्दर्शिका बाई दुकानात आल्या. मला वाटलं, मापं द्यायला. चहा झाल्यावर हळूच म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं मला नाही म्हटलंय. मुख्य भूमिकेला." मला पत्ताच नाही! "मला बोलता येत नाही, अडखळणारी नायिका म्हणजे लोक कीव करणार," असं तू म्हणालीस म्हणे. लोक कीव नाही का करणार, असं मीही त्यांना विचारलं. तेव्हा त्यांनी पुलावरच्या शूटिंगचं सांगितलं. नवख्या मुलीला लटकवायचा दोर तुला विरलेला दिसला. कॅमेरा तयार, सगळे घाईत, आणि तू मध्ये उभी राहून "दो... दो..." करत राहिलीस. कुणीतरी हसलंसुद्धा. तरी तू शब्द पुरा केलास आणि दोर बदलेपर्यंत जागची हलली नाहीस. नंतर त्या जुन्या दोराला वाळूचं पोतं बांधलं, तर तो तुटला. बाई तिथे पाहुण्या म्हणून आल्या होत्या. घरी जाऊन त्यांनी अडखळणाऱ्या नायिकेची ही कथा लिहायला घेतली. घरात तू यातलं चकार शब्दानं बोलली नाहीस.

"तिचं मन वळवा," असं त्या जाताना म्हणाल्या. मी म्हटलं, ते मला जमायचं नाही. भूमिका नको असेल तर खुशाल नाही म्हण, मी तुझ्याच बाजूचा. पण "मला बोलता येत नाही" हे कारण त्यांना देऊ नकोस, एवढंच सांगायला लिहितोय. तू बोललीस म्हणून ती पोर आज हिंडतेफिरतेय.

तुझं बोलणं ऐकायला कितीही वेळ थांबणारा,
तुझाच,
बाबा