पाळण्याचा आडवा दांडा

प्रिय रीना,

तुमच्या गावचा जंगू उद्या धानोऱ्याच्या गाडीनं तुमच्याकडे येऊन राह्यला, त्याच्याजवळ हे पत्र देतो. तुझ्या सासरी टॉवर नाई, आणि खरं सांगू, असता तरी फोनवर मी काही बोललो नसतो. भद्रावतीले फर्निचरच्या दुकानात टिकलो आहे. मधात पोंभुर्ण्याले बाजार पाहायले गेलो होतो, तिथं एकजण पोपट विकून राह्यला होता, त्याच्यामागं दोन गावं हिंडलो. ते जाऊ दे.

इथं मी लाकडाची भोकं बुजवतो. गाठ निघाली, चीर पडली की बारीक भुसा गोंदात कालवायचा, दाबून भरायचा, वाळला की घासायचा. वरून पॉलिश मारलं की मालकालेही जागा सापडत नाई. तुझ्या बाळाचा पाळणा असाच गुळगुळीत केला होता. तू त्याच्यावर हात फिरवून म्हणाली होतीस, "भाऊ, तुले हे कधी यायले लागलं?" तुझा तो हात सारखा आठवते.

पाळणा ज्याले टांगायचा तो आडवा दांडा पाहून तुझे सासरे, कोलूमामा म्हणाले होते, "हे उजेडी पंधरवड्यात तोडलेलं लाकूड आहे. म्हणूनच घुण लागलं. लेकराले नको." मले राग आला. रिकामा फिरणारा म्हणून आधीच नावं ठेवतात, म्हटलं आता दाखवतोच. ते शेतावर गेले आणि मी घुणाची सगळी छिद्रं भरून टाकली. परतल्यावर त्यांनी दांडा निरखला, बोटानं चाचपला आणि हात धुऊन जेवायले बसले. मी छाती काढून जेवलो.

त्याच दांड्याच्या उरलेल्या तुकड्याचं स्टूल, तशीच छिद्रं बुजवून, मी सोबत आणलं होतं. काल त्याच्यावर बसून चहा पिऊन राह्यलो होतो, तर पायच मोडला. सोबतचा चैतू म्हणे, "बसायच्या आधी त्याले विचारलं काऊन नाई?" मीही हसलो. मग तुटलेला पाय उचलला. वरून माझं काम जसंच्या तसं, आतमध्ये नुसतं पीठ. किडा मी आत कोंडला होता, तो खातच राह्यला.

रीना, येत्या सोमवारी नाव ठेवून बाळाले पाळण्यात घालणार होते तुम्ही. घालू नको. आधीच निजवलं असेल तर हे वाचणं सोड, त्याले उचल. दांडा काढून चुलीत घाल. आणि हे पत्र मामाले वाचून दाखव, छाती काढून जेवलो तेही वगळू नको. रविवारी येतो. लाकूड ते निवडतील, मी फक्त वाहून आणीन.

पाळण्याकडे पाहायची हिंमत नसलेला,
तुझाच भाऊ
धनराज