मर्टनबाईंचं सातवं प्रकरण

अष्टमी, रोहा
१४ नोव्हेंबर १९९४

प्रिय शकू,

तू खुशाल असशील असं लिहायची माझी हिंमत नाही. वर्षभरात माझ्या एकाही पत्राला उत्तर आलं नाही; हेही वाचशील की नाही, ठाऊक नाही. इकडे भातकापणी उरकत आली. हितेशला धाटावच्या कंपनीत या आठवड्यात पहिली शिफ्ट आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी एक भाषांतर करते आहे. वाचनालयाच्या कमरुद्दीनभाईंनी दिलेलं जुनं इंग्रजी पुस्तक. लव्हिनिया मर्टन नावाची अमेरिकन बाई १९१० च्या सुमारास खोट्या नावाने कारखान्यांत राबली, तिथे मेलेल्या कामगारांवर लिहीत राहिली, त्यापायी दोनदा तुरुंगात गेली. सातवं प्रकरण टॉम नावाच्या तरुणाचं. टाकी साफ करताना वायूने गुदमरला. कंपनी म्हणाली, त्याला आधीपासून दमा होता.

ते प्रकरण मी टाइप करायला कमरुद्दीनभाईंच्या मुलीकडे, जिकराकडे दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वही घेऊन परत आली. "बाई, हा हरेश कोण?"

टॉमच्या जागी सगळीकडे हरेश. अक्षर माझंच. चुकून झालं असेल म्हटलं आणि तिच्यासमोरच पान पुन्हा लिहायला घेतलं. तोंडाने टॉम म्हणत होते, हात हरेश लिहीत होता. शेवटी पुस्तकात नसलेली एक ओळ उतरली: ‘मावशी, मला दमा नव्हता.’ जिकराने मूळ पान दोनदा तपासलं. मग ओढणी सावरून घरी गेली.

शकू, तुझा हरेश कुंडलिका या काठावरून त्या काठाला पोहून जायचा. त्याला दमा नव्हता हे मला माहीत होतं. धाटावच्या टाकीत गुदमरून तो गेला त्याच आठवड्यात कंपनीचा साहेब माझ्या घरी आला, हितेशला नोकरीत कायम करू म्हणाला आणि कागद पुढे केला. ‘लहानपणापासून दमा’ या वाक्याखाली मी सही केली. तुला सांगितलं, न वाचता केली. वाचून केली होती.

काल पेणला येऊन कंपनीविरुद्धच्या खटल्यातल्या तुझ्या वकिलांकडे खरा जबाब लिहून दिला. निघण्याआधी हितेशला सांगितलं. तो म्हणाला, "आई, मला काढतील."

"व्हय," मी म्हटलं.

मग ओट्यावरून उठून तो मला एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला आला.

पेणला तुझ्या आळीच्या तोंडाशी थांबले होते. आत यायला पाय उचलला नाही.

आज सकाळी सातवं प्रकरण पुन्हा लिहिलं. टॉमचा टॉमच राहिला. हायसं वाटायला हवं होतं. पण दुपारपर्यंत कोरं पान पुढे घेऊन बसले, त्याने आणखी एकदा मावशी म्हणावं म्हणून. हात हलला नाही. आता तो येत नाही, शकू.

कोर्टात बोलावतील तेव्हा तुझ्यासमोर हेच बोलेन.

‘ताई’ लिहायला धजत नाही, म्हणून नुसतीच
चंद्रावती