माया ठेवून घेतलेली सायकल

चि. धाकट्यास,

थोरल्याचे आशीर्वाद. (मनापासून आहेत की नाहीत ते विचारू नकोस. पत्र कशाने तरी सुरू करावंच लागतं.) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे माझा उजवा कोपर, डावी पोटरी आणि तुझ्या वहिनीच्या नजरेतली माझी किंमत सोडून बाकी सर्व क्षेम आहे. तुझी तब्येत कशी आहे हेही रीत म्हणून विचारतो. उत्तर आलं नाही तरी दुकान चालू राहील.

आपण चौदा महिने बोललेलो नाही, आणि हे पत्र ते संपवायला लिहिलेलं नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तुझ्या कचेरीत तुझा सत्कार झाला, तू मंचावर मी शिवलेला कोट घालून उभा राहिलास, दोन्ही बाजूंनी तो कोट ओढून दाखवलास आणि माइकवर म्हणालास की हा माझ्या दादाने शिवलाय, यात अजून एक माणूस भाड्याने राहू शकतो. सगळं सभागृह हसलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. मीही हसलो, कारण शेजारचे दोघे माझ्याकडे बघत होते. एकतीस वर्षं शिंपीकाम करणाऱ्या माणसाला त्याच्याच भावाने माइकवरून सांगावं की तुझं माप चुकतं, यापेक्षा तू मला जिन्यावरून ढकललं असतंस तर बरं झालं असतं. असो. मी ते विसरलो आहे. (तारीख, वार आणि त्या माइकचा रंग सोडून.)

विषय सायकलीचा आहे. कापणीच्या टेबलाशी उभं राहून राहून माझे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी ते दाबून पाहिले, कुरकुर ऐकली आणि म्हणाले, सायकल चालवा. आता सायकल म्हटल्यावर आपल्या घरात विचारायचं कुणाला हे शेंबडं पोरही सांगेल. तू वीस वर्षं सायकल चालवतोस, तुझ्याकडे दोन सायकली आहेत आणि अंगाला चिकटणारे ते भयंकर कपडे आहेत, ज्यांत माया औषधालासुद्धा नसते. पण मी तुला विचारणार? मी? ज्याला स्वतःच्या कोटाचं बटण कुठे लागतं ते कळत नाही, त्याला मी सायकल विचारू? मी थेट दुकानात गेलो.

ते दुकान म्हणजे काय सांगू! सायकली भिंतीवर टांगलेल्या, जमिनीवर फक्त विकणारे. माझ्या वाट्याला आलेला गृहस्थ छपराखाली, पंख्याखाली, हेल्मेट घालून उभा होता. (छत कोसळण्याची भीती असेल तर माणसाने जागा बदलावी.) त्याला मी पुढे हेल्मेट असंच म्हणेन, कारण त्याने शेवटपर्यंत ते काढलं नाही. मी म्हटलं, साधी सायकल दाखवा, मागे कॅरिअर, पुढे घंटी. तो दयेने हसला आणि कुठे चालवणार म्हणून त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं: घर ते दुकान डांबरी, आणि सकाळी तळ्यामागच्या कच्च्या वाटेवर एक चक्कर. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, मग तुम्हाला ग्रॅव्हल बाइक पाहिजे.

ग्रॅव्हल म्हणजे खडी, हे मला ठाऊक आहे. आपल्या गल्लीत तीन वर्षं तिचा ढीग पडलाय. म्हणजे बघ, रस्ता नीट करा म्हणून ओरडायचं सोडून आता लोक वाईट रस्त्याला शोभेल अशी सायकल घेतात. उद्या गळक्या छपरासाठी पोहण्याचे पोशाख निघतील. आणि ही सायकल दिसते कशी? हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. चाकं ना जाड ना बारीक. हेल्मेट म्हणाला, ही रस्त्यावर पळते आणि मातीतही चालते. आमच्या धंद्यात अशा कपड्याला ना सदरा ना झबलं म्हणतात आणि तो गिऱ्हाईक परत आणून टाकतं. कॅरिअर? नाही. घंटी? वेगळी. मडगार्ड? वेगळं. स्टँड? स्टँडचं नाव काढताच त्याने अशी मान फिरवली जशी मी काही घाणेरडं बोललो. आणि ऐक, पायडलही वेगळं! मी एकतीस वर्षांत कुणाला बिनबाह्यांचा सदरा देऊन 'बाह्या तुमच्या आवडीप्रमाणे बाहेरून घ्या' असं म्हटलेलं नाही.

तरी मी तिथून निघालो नाही. निघायला हवं होतं, पण ती सायकल दिसायला बरी होती. (ओल्या मातीचा रंग. तुला आवडला असता. हे उगाच लिहिलं.)

मग मापाची वेळ आली. हेल्मेटने मला भिंतीला टेकून उभं केलं आणि मांड्यांमध्ये एक जाडजूड पुस्तक धरायला सांगितलं. पुस्तक! माणसाच्या पायाची लांबी मोजायला! मी ज्या गावातल्या निम्म्या पुरुषांच्या पायांची मापं वहीत बाळगून आहे, त्या गावातल्या दुकानात मी मांड्यांत पुस्तक धरून उभा, आणि समोरून माझंच एक गिऱ्हाईक नमस्कार करून गेलं. हेल्मेटने आकडा पाहिला, एक तक्ता पाहिला आणि म्हणाला, काका, तुम्हाला एस. एस म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाला, स्मॉल. एका कोटाने माझी उंची आधीच कमी केली होती, त्यात ही भर. मी खिशातून माझा टेप काढला आणि स्वतःचं माप स्वतः घेतलं. आता शिंप्याने स्वतःचं माप घेऊ नये हा पहिला धडा आहे, कारण आकडा वाचायला वाकलं की माणूस बदलतो. पण रागात माणूस धडे वाचत नाही.

मग मी हेल्मेटला आमचा धंदा समजावला. म्हटलं, माप अंगाबरोबर कधी धरायचं नसतं. अंगावर दोन बोटं सैल ठेवायचं. वर शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं, त्याला माया म्हणतात. माणूस वाढला, सुटला, की शिवण उसवून माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला होतो. माया नसलेला कपडा म्हणजे नुसतं कापड. तेव्हा एसवरून सैलपणासाठी एम, मायेसाठी एल, आणि धुतल्यावर थोडं आटेल म्हणून एक्सएल. (धुतल्यावर आटेल हे सवयीने तोंडातून गेलं. लोखंड आटत नाही हे मला कळतं. पण एकदा बोललेला शब्द मी गिऱ्हाइकासमोर मागे घेत नाही.) हेल्मेट आधी हसला, मग गंभीर झाला, मग तीनदा म्हणाला की काका, एक्सएल सहा फुटांच्या माणसाची असते. मी पाच फूट तीन आहे, बूट घालून चार. एक फेरी मारून बघा म्हणाला, पण त्या मापाची दुकानात नव्हतीच, मागवावी लागणार होती. मागवलेली परत घेत नाही अशा कागदावर मी सही केली. मोठी, शिरोरेघ ओढून.

सायकल आली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील, पण या अंगणात पायच टेकत नव्हते. सीट शेवटच्या रेघेपर्यंत खाली घातली, तरी माझ्या बुटाची टोकं आणि जमीन यांच्यात एक वीत हवा उरली. हँडल इतकं लांब की मी सायकलवर बसत नसे, कापणीच्या टेबलावर पसरलेल्या ताग्यासारखा आडवा होत असे. चढायचं दुकानाच्या पायरीवरून, आणि उतरायला भिंत, खांब किंवा ओळखीचा माणूस शोधायचा. मी मुकाट्याने खांबांचा अभ्यास केला. घर ते दुकान अकरा खांब आहेत. पहिल्याच दिवशी सिग्नल लाल झाला, खांब पलीकडे होता, म्हणून मी शेजारी उभ्या असलेल्या टेम्पोवर हात टेकला. टेम्पो उभा नव्हता, थांबला होता. हा फरक मला पुढच्या चौकात समजला.

पण खरी शोभा तळ्याकाठी झाली. तुझी वहिनी चालायला येते, ती बाकावर बसली आणि मी बाकाच्या पाठीवरून स्वार झालो. तळ्यामागे खांब नाहीत, भिंत नाही, झाडं कुंपणाच्या आत. पहिली चक्कर झाकली मूठ होती. बाकाजवळ आलो, तर बाक भरलेला. मी पुढे गेलो. दुसऱ्या चक्करीला वहिनी म्हणाली, थांबायचं नाही का? तिसऱ्या चक्करीला म्हणाली, थांबता येत नाही का? चौथीला नुसती बाटलीतलं पाणी प्यायली, आणि त्या पिण्यात जे होतं ते मी लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यामुळे वाचू शकलो. चालायला आलेल्या मंडळींचा समज झाला की मी कसलातरी विक्रम करतोय. सहाव्या चक्करीला टाळ्या सुरू झाल्या. एकाने तर या वयात कमाल आहे असं म्हणून मुलाला माझ्याकडे बोट दाखवलं. सातव्या चक्करीत मला रस्तेवाल्यांचा ढीग दिसला आणि मी डोळे मिटून त्यात शिरलो. खडीच्या सायकलने अखेर खडी पाहिली. कोपर आणि पोटरी यांचा उल्लेख वर आलाच आहे.

वहिनीने मला उठवलं, झटकलं आणि सायकल उभी करून तिची उंची डोळ्यांनी मोजली. मग म्हणाली, अहो, ही तर भाऊजींच्या मापाची आहे. बायका कमी बोलतात तेव्हा फार बोलतात.

असो. एकूण सांगायचं काय, तर सायकल हा भिकार प्रकार आहे, ती विकणारे उंटावरचे शहाणे आहेत, ग्रॅव्हल हे आळशी नगरपालिकेचं दुसरं नाव आहे, आणि ती वीस वर्षं आनंदाने चालवणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही. कळावे. घरी सर्वांना जे द्यायचं ते दे.

तुझा (कागदोपत्री)
थोरला

ता. क. – सायकल दुकानात शिवणयंत्रामागे उभी आहे आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हँडल लागतं. तुझ्याकडे ती जुनी, बुटकी, घंटीवाली सायकल धूळ खात पडली असेल, जिच्यावर मी तुला शिकवलं. ती घेऊन ये आणि ही घेऊन जा. अडला हरी वगैरे जी म्हण आहे ती तुला येते. तिच्यात गाढव कोण हे ठरवायची घाई करू नकोस.

ता. क. २ – हेल्मेट तीनदा सहा फूट म्हणाला तेव्हा मला ऐकू आलं नव्हतं असं मी वहिनीला सांगितलंय. ऐकू आलं होतं. सहा फूट म्हटल्यावर मला एकच माणूस आठवतो, आणि पेन हातात असताना माझी सही होऊन गेली. हे तिला सांगू नकोस. तिला ठाऊक आहे.

ता. क. ३ – कोटाबद्दल एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. तू त्या वर्षी दवाखान्यातून उठून आला होतास. माप घेताना टेप तुझ्या छातीभोवती फिरवला तर पूर्वीपेक्षा चार बोटं जास्त उरली, आणि मी तो आकडा वहीत लिहिलाच नाही. लिहवेना. तुझ्या शाळेच्या पँटी मी दर वर्षी उसवून वाढवायचो, कमी करायची वेळ कधी आली नव्हती. तो कोट मी तुझ्या तेव्हाच्या अंगावर बेतलाच नव्हता. तू पुन्हा जसा होशील तसा बेतला होता. माप चुकलं नव्हतं, एवढंच मला तिसऱ्या रांगेतून ओरडून सांगायचं होतं.

ता. क. ४ – येताना कोट घालून ये. अजून सैल असेल तर मुकाट्याने हस, मीही हसेन. आणि वहिनी म्हणते तसा तू खरंच सुटला असशील, बटण लागत नसेल, तर ओढाताण करू नकोस. आत माया आहे. सोडून देईन.