आईचं वाफेचं मशीन आणि तुमचा तास

सर, तुमचा राग मला आला तो अमेरिकेत, धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, मीही पन्नाशीला टेकलेय. राग यायला उशीरच झाला म्हणायचा.

आईला घेऊन गेले होते. तिला दम्याचा त्रास, म्हणून औषधाची वाफ देणारं मशीन सोबत घेतलं. बिदरच्या एका दुकानात अडॅप्टर मागितला तर दुकानदार म्हणाला, "घ्या अक्का, कुठल्याबी देशात चालतंय." पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी आईला दम लागला. अडॅप्टर भिंतीत नीट बसला, मशीन घरघरलं, पण वाफ म्हणावी तशी येईना. आई ओट्याला धरून उभी, खांदे वरखाली होतायत. बहीण म्हणाली, "चालू तर हाय की, मग वाफ कामून येईना?" मी मशीन उलटं करून पाहिलं. खाली दोनशे तीस व्होल्ट लिहिलेलं, आणि तिथली वीज त्याच्या जेमतेम निम्मी. अडॅप्टरनं नुसते प्लगचे पाय बदलतात, वीज बदलत नाही. एवढं त्या दुकानदारानं सांगायला नको होतं का? आजारी माणसाचं मशीन आहे, हे मी त्याला सांगितलं होतं.

शेजारी एक तेलुगू बाई राहतात. गावाकडून नेलेला मिक्सर चालवायला त्यांनी व्होल्टेज वाढवणारा जडशीळ ट्रान्सफॉर्मर ठेवलाय. बहीण पळत जाऊन तो घेऊन आली. "तूच जोड, मला भ्या वाटायलंय." मी जोडला. वाफ आली. आईचे खांदे हळूहळू खाली आले. आणि तेव्हा, सर, मला तुम्ही दिसलात.

ठाणाकुशनूरची शाळा. टेबलावर तारा, बल्ब आणि तारेच्या दोन वेटोळ्यांचा छोटा ट्रान्सफॉर्मर. तुम्ही एकेकाला पुढे बोलावताय. माझी पाळी येते, मी तार उचलते, आणि तुम्ही म्हणता, "ठेव खाली. तुमच्या गल्लीतल्यांनी लांबून बघायचं." मी विचारते, "कामून सर?" तुम्ही माझ्या हातातली तार घेता, रुमालानं पुसता आणि पुढच्या मुलाला देता.

पुसलीत, सर. सगळ्या वर्गासमोर. आणि शिकवायचात असं, की फळ्यावरचं मागच्या बाकावरून बघूनही मला कळायचं. ते मी शिकलेलं चालत होतं, तारेला लागलेला हात तेवढा चालत नव्हता. ही कुठली रीत? त्या दिवशी मी घरी काही बोलले नाही. अप्पा शाळेत आले असते आणि तुम्ही त्यांनाही दाराबाहेरच उभं केलं असतं.

अमेरिकेत त्या दुपारी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मेलेल्या माणसावर कामून चिडायलीस गं? झालं की आता."

"झालं न्हाई," मी म्हणाले.

तिनं मशीनची नळी गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "तवाच सांगायचं होतंस. मी आले असते शाळेत."

तुमचा मुलगा उदगीरला असतो. कुणाच्या लग्नात भेटला की आदबीनं आईची चौकशी करतो. हे पत्र त्याच्या हातात देता येईल, पण देणार नाही. तो तास तुम्हाला पुढं कधी आठवला होता का, एवढं तरी त्याला विचारावं, असं दर वेळी वाटतं. विचारत नाही. कधीच आठवला नसेल, याची मला भीती वाटते.