वर्गाला उत्तरं दोनच

३ ऑगस्ट
आजपासून लेकीचं गणित माझ्याकडे. अठराला चाचणी. तिच्यातून स्पेशल बॅच निवडणार, आणि पोरीला त्या बॅचचा ध्यास लागलाय. शाळेतल्या मॅडम म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार. बायको म्हणते, तुम्हाला कॉलेज सोडून वीस वर्षं झाली. झाली असतील. गणित काय दूध आहे, नासायला?

६ ऑगस्ट
कॉम्प्लेक्स नंबर. निव्वळ पोरखेळ. आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. कॉन्जुगेट म्हणजे आयपुढचं चिन्ह उलटं करायचं. एवढ्याला मॅडमनी महिना घालवला. पगार कशाचा घेतात देव जाणे.

९ ऑगस्ट, संध्याकाळ
गणित असं: झेडचा वर्ग बरोबर झेडचा कॉन्जुगेट. झेड काढा. चहा संपायच्या आत काढलं. शून्य आणि एक. लेकीने चार उत्तरं काढली! वर्गाचं समीकरण, उत्तरं दोनच, शेंबड्या पोरालाही कळतं. ती म्हणाली, कॉन्जुगेट आला की तो नियम लागत नाही. म्हटलं, मला शिकवू नकोस. पुस्तकातही मागे चारच छापलीत. सगळे एकाच माळेचे मणी. तिची शेवटची दोन लाल पेनने खोडली. रूट तीन, भागिले दोन, असली गबाळी उत्तरं खरी असतात होय? तासभर समजावलं. गप्प ऐकत होती. पटलं.

१२ ऑगस्ट
उद्यापासून पहाटे पाचला दोघांनी बसायचं. म्हणजे बसायचंच.

१३ ऑगस्ट
उठलो नाही. घसा धरलाय. ती एकटीच बसली होती म्हणे. माझी शिस्त अंगात मुरतेय.

१८ ऑगस्ट
चाचणी झाली. तेच गणित आलं! याला म्हणतात नजर. पोरगी जेवली नाही. दमली असेल.

२३ ऑगस्ट
बॅच हुकली. दोन मार्कांनी. दोन्ही त्याच गणिताचे कापलेत. लेक दार लावून रडतेय. उद्या मॅडमची बिनपाण्याने करतो.

२४ ऑगस्ट
लेकीला घेऊनच गेलो. मॅडमना यथेच्छ सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खडू पुढे केला. म्हणाल्या, तिसरं उत्तर समीकरणात घाला, बसत नाही हे दाखवा, आत्ता मार्क देते.
घातलं. उणे एक अधिक आय रूट तीन, सगळं भागिले दोन. वर्ग केला. आयपुढचं चिन्ह तेवढं उलटं झालं. पुन्हा केला. तेच. चौथंही बसलं. फळ्यावर उजेड कमी होता, पण तेवढा नव्हता.
मग मॅडमनी पेपर दाखवला. लेकीने चारही उत्तरं लिहिली होती. शेवटची दोन खोडलेली, तिच्याच हाताने.
परतताना विचारलं, येत होतं तर खोडलंस कशाला.
ती म्हणाली, “घरी आल्यावर तुम्ही विचारणार होतात, बाबा. मला पुन्हा तासभर ऐकायचं नव्हतं.”
तिचं दप्तर घ्यायला हात पुढे केला. दिलं नाही. फार जड नसेल.