माझ्या वाटणीची राख

निपाणी, ४ ऑगस्ट २०२५

चि. पारमितास आप्पाकाकाचा सप्रेम जयभीम.

वि. वि. पत्र पोचलं. कारखान्यात तपासनीस म्हणून लागलीस आणि चार महिन्यांत दुभाषी झालीस, अभिनंदन. पगार तोच आहे हे तू लिहिलं नाहीस, मी ओळखलं.

मला समजलं ते असं. मशीन शॉपचे येळ्ळूरचे परशराम म्हणतात, ओतकामातून येणाऱ्या कास्टिंगला भोकं असतात. ओतकामाचे सदलग्याचे आण्णाप्पा म्हणतात, भोकं बघणाऱ्याच्या नजरेत आहेत. एका डब्यात जेवून केस पिकवलेली माणसं, दोघांनाही दोन्ही भाषा अस्खलित. पण भांडण झाल्यापासून परशरामांना कन्नड कळत नाही आणि आण्णाप्पांना मराठी. मधे तू, शिव्या गाळून निरोप पोचवणारी. त्यात दोघांच्या शेऱ्याशिवाय तुला कायम करणार नाहीत.

तर गाळू नकोस. वर्गात संस्कृत शिकवताना मी सांगतो, श्लोकात आहे तेवढाच अर्थ सांगा, कवीवर दया नको. आपली शिवी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की माणूस वरमतो.

तुझ्या बाबांचा गुडघा कसा आहे? मी विचारलं हे सांगू नकोस. लोभही न गाळता पाठवीत जा.

तुझा, आप्पाकाका

खासबाग, बेळगाव, १९ ऑगस्ट

आदरणीय आप्पाकाकांना पारमिताचा सविनय जयभीम.

तुमचा सल्ला पाळायला गेले आणि नोकरी जाता जाता राहिली. सोमवारी गिऱ्हाइकाकडून माल परत आला. परशराममामा तापले. आण्णाप्पाच्या डोळ्यांत राख गेलीया काय, हे हाय तसं सांग गं, म्हणाले. मी तोंड उघडलं, पण आण्णाप्पांचं पिकलेलं डोकं बघून अवसान गळालं. कन्नडात एवढंच म्हटलं, की तपासणी जरा बारकाईनं व्हावी अशी मामांची इच्छा आहे.

आण्णाप्पा खवळले, माझ्यावर. सगळ्यांसमोर चक्क मराठीत म्हणाले, की त्यो एवढं ग्वाड जन्मात बोलला न्हाय. माझ्या वाटणीची राख कुठं ठेवलीस? मामांनी कन्नडातून साक्ष दिली, की राखच म्हटलं होतं. मग दोघंही मला सोडून ओतकामाकडं गेले. मशीन गार ठेवायचं पाणी भिंतीखालून साच्यांच्या वाळूच्या ढिगात मुरत होतं. ओल्या वाळूनं कास्टिंगला भोकं पडत होती. पाणी मामांचं, वाळू आण्णाप्पांची; दोघांनाही दोष पुरला.

मी कायम झाले. दोघांनी मिळून एकच शेरा दिलाय: काम चोख, भाषांतरावर भरवसा नाही.

आता घरचं. आमच्या घरभरणीच्या पत्रिकेत तुमचं नाव खाली गेलं, तुम्ही आला नाहीत. तेव्हापासून तुम्हा भावाभावांचे निरोपही मीच गोड करतेय. ते आता बंद. बाबांना जिना चढवत नाही, आणि तुम्हाला ते आडमुठं गाढव म्हणतात. बाबांचा नमस्कार म्हणून मी लिहायची, तो हाच.

आपली, पारमिता

निपाणी, २५ ऑगस्ट

चि. धर्मराजास थोरल्या भावाचा जयभीम.

वि. वि. तू पाठवलेलं गाढव पोचलं. तुझे इतके नमस्कार आले, एकातही तुझा आवाज नव्हता. या खेपेस ओळखू आला.

रविवारी सकाळच्या बसनं येतोय. जिना उतरू नकोस, मी चढतो. तुझ्या घरात काय काय चुकलंय हे न बघताच ठरवून ठेवलंय, तोंडावर सांगीन. तूही पत्रिकेचं काय ते तोंडावर सांग.

पारमिताला तेवढा वेळ बाहेर पाठव. ती गोड करील.

तुझाच, आप्पा