नैवेद्याचं दळण

आई, मी धाकटीबरोबर कोचीला जाऊन आले. आम्ही दोघीच गेलो होतो. हे ऐकल्यावर तू पहिला प्रश्न काय विचारला असतास ते मला माहीत आहे. "तिच्या जेवणाचं काय केलंत?" म्हणून आधी तुझ्यावर थोडं रागावून घेते, कारण या वेळी प्रश्न तिच्या जेवणाचा नव्हताच. माझ्या जेवणाचा होता. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं की धाकटीला लहानपणापासून जे आहे तेच मलाही आहे. गहू चालत नाही. पोळी, शिरा, शेवया, चहाबरोबरचं बिस्किट, लग्नातली जिलेबी, सगळं बंद, आणि तेही पन्नाशी उलटल्यावर. धाकटीने फोनवर हसतहसत म्हटलं, "ताई, वेलकम!" जणू मी तिच्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता.

अंगात रक्त नाही, रक्त नाही म्हणून मी वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या गिळत होते. शेवटी ठाण्यात खोपटच्या एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून पोट तपासलं. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे?" मी म्हटलं, "धाकट्या बहिणीला." ते म्हणाले, "मग तुमची तपासणी तेव्हाच का नाही झाली?" मी म्हटलं, तेव्हा असं काही कोणी सांगत नसे. ते म्हणाले, लहानपणापासून असेल किंवा नंतर सुरू झालं असेल, आता सांगता येणार नाही. मी बाहेर आले आणि एसटी स्टँडच्या बाकावर बसून राहिले. घाबरले नव्हते. रडूही आलं नाही. मला भयंकर हेवा वाटला, तिथे, त्या बाकावर, माझ्या सख्ख्या बहिणीचा. आजार दोघींचा एकच, पण तिच्या वाट्याला आजाराबरोबर तू आलीस. माझ्या वाट्याला नुसता आजार.

डोंबिवलीचं आपलं स्वयंपाकघर तुला आठवत असेलच, पण मी कुठून बघत होते ते तुला माहीत नाही. मी दाराच्या चौकटीपाशी पाटावर बसलेली असते. तू आमच्या पोळ्या भराभर लाटून टाकतेस, आणि ताटात येतात त्या एखादी करपलेली, एखादी नकाशासारखी. मग तू हात धुतेस. साबण लावून, कोपरापर्यंत. खिळ्याला टांगलेला तिचा तवा काढतेस, तिची परात, तिचं उलथनं. आणि मग तांदळाची उकड मळायला बसतेस आणि तुझा सगळा चेहराच बदलतो. तिच्यासाठी भाकरी, घावन, नाचणीची आंबील, सणाला तांदळाच्या पिठाच्या करंज्या. ती जेवत असताना तू शेजारी बसतेस. तिचं पोट फुगलं का, ती किती खाते, परत काही होतंय का, सगळं बघत असतेस. मी किती खाल्लं ते कोणी बघत नसे, कारण मी खात होते. एकदा सकाळी मी म्हटलं होतं की माझंही पोट दुखतंय. तू मागे वळूनही न बघता म्हणालीस, "तिचं बघून तुझंही दुखायला लागलं का? ऊठ, नाटकं नकोत, शाळेला उशीर होतोय." खोपटच्या त्या बाकावर मला हे वाक्य आठवलं. त्या दिवशी माझं पोट खरंच दुखत होतं की तू वळून माझ्याकडे बघावंस म्हणून मी बोलले होते, ते आता मलाही सांगता येत नाही. डॉक्टरांनाही येत नाही. पण तू वळून बघायला हवं होतंस, एवढं मात्र मी सांगू शकते.

माझ्याकडे तुझं म्हणून एकच काही होतं, ते म्हणजे गिरणी. पिठाचे डबे उचलायला तू मला न्यायचीस. गव्हावर दळलेलं पीठ धाकटीला चालायचं नाही, आणि गिरणीवाल्याला गव्हाची ही भानगड समजावून सांगणं अशक्य होतं. तू एकदा प्रयत्न केलास तर तो म्हणाला, "वहिनी, गव्हाने कोणी आजारी पडतं का? गव्हाने तर ताकद येते." दुसऱ्या वेळेपासून तू त्याला समजावणं सोडलंस आणि सरळ सांगितलंस, "नैवेद्याचं दळण आहे." मग काय! तो उठून हात धुवायचा. जातं झाडायचा, कापडी पिशवी झटकायचा, गव्हाची गोणी लांब सरकवायचा. तुझे पहिले चार मूठ तांदूळ नुसते जातं साफ करायला जायचे. ते पहिलं पीठ वेगळ्या डब्यात, आमच्यासाठी. नंतरचं पांढरंशुभ्र पीठ तिच्यासाठी. गिरणीवाला कौतुकाने म्हणायचा, "वहिनी, तुमच्याकडे देवाचं फार असतं हो." तू म्हणायचीस, "हो, रोजच असतं." आम्हाला उठताबसता खरं बोलायला शिकवणारी तू, आणि डोळ्याची पापणी हलायची नाही तुझी. परत येताना मी विचारलं होतं, "आई, आपण देवाच्या नावाने खोटं का बोललो?" तू डबा या हातातून त्या हातात घेतलास आणि म्हणालीस, "गिरणीवाल्याशी बोलले. देवाशी नाही." मग मला डोळा मारलास. आयुष्यात एकदाच. तो डोळा फक्त मला मारला होतास, धाकटीला नाही. मी तो जपून ठेवला होता.

आता कोची. धाकटीच म्हणाली, "अगं ताई, तू घरात कोंडून बसलीयेस, बाहेर खायला घाबरतेस. चल, कोचीला जाऊ. तिकडे सगळं तांदळाचंच. आणि मी आहे ना." हे "मी आहे ना" मला फार लागलं. लहानपणी तिच्यासाठी मी पाण्याची बाटली धरून उभी राहायचे, आणि आता ती माझ्यासाठी 'आहे'. पण गेले. पहिल्या दिवशी बंदरात एक पांढरी, चाळीएवढी उंच बोट लागलेली होती आणि तिच्यातून उतरलेल्या परदेशी लोकांनी सगळी हॉटेलं भरून गेली होती. एका हॉटेलच्या पाटीवर खडूने ठळक लिहिलेलं, ग्लूटेन फ्री. मी आनंदाने आत शिरले. धाकटीने वेटरला विचारलं, काय काय आहे? तो छाती फुगवून म्हणाला, "सब है मॅडम. मैदा बिलकुल नहीं. प्युअर आटा." आम्ही उठलो. दुसऱ्या ठिकाणी डोसा होता, पण त्याच तव्यावर परोटे. तिसऱ्या ठिकाणी इडली बरी, तर धाकटी म्हणते सांबार नको, कुटलेल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. आप्पमबरोबरच्या रश्शात मैदा आहे का, मासा तळताना कशात घोळवलाय, तेल कुठलं, ती एकेक विचारत होती. मोबाइलवर मल्याळममध्ये लिहून आणलं होतं, ते दाखवत होती, न चिडता, न थकता. बाजूच्या टेबलावर बोटीवरची एक गोरी बाई होती, ती कौतुकाने म्हणाली की तिलाही हेच आहे आणि बोटीवर तिचं ताट वेगळं येतं, रोज, वर तिच्या नावाची चिठ्ठी. मला त्या अनोळखी बाईचाही हेवा वाटला. रात्री मी दोन केळी आणि शहाळं यांवर भागवून झोपले. धाकटी मजेत तांदळाचा वाफवलेला पुट्टू खाऊन आली होती, कारण तिला नेमकं कुठे विचारायचं ते कळतं. तिला पन्नास वर्षांची सवय आहे आणि मला मेलीला आत्ता शाळेत घातलंय.

दुसऱ्या दिवशी एका गल्लीत घरगुती खानावळ दिसली. म्हातारी मालकीण, कपाळावर चंदन, हातात पळी. परोटे आणि डोसे एकाच तव्यावर, नेहमीचंच. धाकटीने मोबाइल काढला. मी म्हटलं, "थांब. आज मी बघते." मला एकदम तू आठवलीस, गिरणी आठवली. मी हात जोडले आणि म्हातारीला म्हटलं, "व्रत. मेरा व्रत है. शुद्ध. अलग तवा." आई, काय सांगू! तिचे डोळे असे निवळले. "व्रतम्!" म्हणाली, तिनेही हात जोडले, माझ्यापुढचं भाताचं पान लगबगीने उचललं, नवीन पान धुऊन आणलं. आत जाऊन तिने तवा घासल्याचा आवाज मी ऐकला. वेगळी शेगडी पेटवली. मी धाकटीकडे बघितलं. असं बघितलं की बस्स. म्हटलं, बघ, मोबाइल नाही, मल्याळम नाही, आईची मुलगी आहे मी. धाकटीचं तोंड उघडंच. आणि मग म्हातारी बाहेर आली, पदर खोचलेला, दोन्ही हातांनी धरून तिने पानावर वाढलं. गरम गरम, तुपाने माखलेल्या दोन चपात्या. गव्हाच्या. नुकत्या घासलेल्या स्वच्छ तव्यावर भाजलेल्या.

तिच्या सुनेने मग इंग्रजीत समजावलं. त्यांच्याकडे एकादशीला, व्रताला भात वर्ज्य. त्या दिवशी गहू खातात. आपल्या गिरणीत नैवेद्य म्हटला की तांदूळ, आणि तिथे देवाचं म्हटलं की गहू. म्हातारी तुपाची वाटी धरून उभी, मी का खात नाही ते तिला कळेना, आणि धाकटी टेबलावर डोकं टेकून हसत होती. शेवटी तिनेच मोबाइल दाखवला, तिनेच माफी मागितली, आणि म्हातारीने कपाळाला हात लावून मला वेगळ्या पातेल्यातला भात आणि दही दिलं. वर माझ्या गालाला हात लावला. भात मी खाल्ला. छान होता. पण मला त्या चपात्यांकडे बघवेना, इतक्या चांगल्या हाताच्या होत्या आणि माझ्या नावाने केलेल्या होत्या.

नंतर आम्ही पाण्याकाठी बसलो. धाकटी डोळे पुसत म्हणाली, "ताई, हे व्रताचं खूळ तुला सुचलं कुठून?" आणि मी सांगून टाकलं. गिरणी, नैवेद्याचं दळण, पहिलं पीठ, तू मारलेला डोळा. सगळं.  ती म्हणाली, "मला हे कोणी सांगितलंच नाही गं. मला गिरणीत यायची बंदी होती, पीठ उडतं म्हणून. तुम्ही दोघी डबे घेऊन निघायचात आणि मी खिडकीत बसून बघायचे. वाटायचं, आई ताईला सगळीकडे नेते. लग्नाला तू, गिरणीत तू, बाजारात तू. मी एकटी, माझ्या त्या वेगळ्या जेवणाच्या डब्याबरोबर. फार जळायचे तुझ्यावर." कोणीतरी मोठ्या मनाची बाई असती तर तिने बहिणीला जवळ घेतलं असतं. मी काय विचार केला सांगू? मी विचार केला, घ्या, म्हणजे हेव्यातही हिचाच नंबर पहिला. आणि दुसरा विचार असा की आता गिरणीही तिची झाली. रात्री तिने तिच्या मुलीला फोन करून ती गोष्ट सांगितली. "तुझ्या आजीने माझ्यासाठी देवाचं नाव घेतलं होतं," असं म्हणत होती. डोळा मारल्याचं तिने सांगितलं नाही. निदान तेवढं तरी माझं राहिलं.

पण आई, मला तुला एवढंच विचारायचं आहे. माझ्यासाठी बोलली असतीस का तू खोटं? त्या सकाळी तू वळली असतीस, मला डॉक्टरकडे नेलं असतंस, तर दोन पोरींचं दळण घेऊन गिरणीत उभी राहिली असतीस? मला वाटतं, राहिली असतीस. रोज वाटत नाही. काही दिवशी वाटतं.

हे लिहिलेलं कोणाला दाखवायची सोय नाही. घरात ठेवावं तर शनिवारी धाकटी येते आणि चाळणी शोधायला सगळे खण उघडते. म्हणून तुला वाचून दाखवलं असं समजून फाडून टाकणार आहे. ती ठाण्याहून येते, स्वतःचं पीठ घेऊन. कोचीहून आल्यावर तिने विचारलं होतं, "ताई, भाकऱ्या जमायला लागल्या का गं?" मी म्हटलं, "कसल्या जमतायत, नुसत्या मोडतात." तेव्हापासून येते. आल्याबरोबर हात धुते, कोपरापर्यंत. उकड काढते, मळते, आणि मला म्हणते, तू बस, गरम गरम वाढते. मी पाय वर घेऊन बसते. ती मधूनमधून माझ्या ताटात डोकावून बघते, मी किती खाल्लं ते. आई, मला भाकरी उत्तम येते. आज सकाळीच केली होती, टम्म फुगली. तिला सांगू नकोस.